आदल्या रात्री रचलेले पाव आणि फळांचे पुडिंग

पाव, दूध, अंडी आणि फळे यांचे थर रात्री भांड्यात रचून ठेवायचे, ते रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचे आणि सकाळी पाहुण्यांच्या आंघोळी आटोपेपर्यंत भाजून गरम वाढायचे, या न्याहारीविषयी किनारपट्टीच्या निरनिराळ्या गावांतून पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पावाचे पुडिंग ही मुळात उरलेला पाव वाया जाऊ नये म्हणून इंग्लंडमध्ये घरोघरी होत आलेली गोष्ट आहे आणि ते रात्री भिजवून सकाळी भाजण्याची रीत अमेरिकेतील घरांत, विशेषतः नाताळच्या सकाळी, चांगली रुळलेली आहे. तिकडच्या कृती थंड हवेत आणि बहुधा सफरचंद, नासपती यांसारख्या घट्ट फळांच्या भरवशावर तयार झाल्या. आपल्याकडे हवा दमट, फळे रसाळ आणि पाव मऊ, त्यामुळे तीच कृती जशीच्या तशी केली की बिघडते. आलेल्या पत्रांतील बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे: रात्रीच्या दहा-बारा तासांत पावातील, फळांतील आणि दुधातील पाणी कुठे जाणार, याचा विचार आधी झालेला नसतो.

प्रश्न : आम्ही घरीच पर्यटकांची राहण्याची सोय करतो. सकाळी घावने, पोहे असतातच. पण मुलांसाठी एखादा भाजलेला गोड पदार्थ ठेवावा, म्हणून हे पुडिंग रात्री भिजवून सकाळी ओटीजीमध्ये (विजेवरच्या छोट्या भट्टीत) भाजले. वरचा पाव करपून कडक झाला आणि तळाशी मात्र पाणी साचले. कृती पहिल्यापासून नीट सांगावी. – एक वाचिका, गुहागर

आपल्या पुडिंगच्या तळाशी जे साचले, ते न शिजलेले दूध नसून शिजल्यानंतर सुटलेले पाणी असावे. दूध आणि साखर मिसळलेले अंडे साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला घट्ट बसते. त्यापुढे उष्णता वाढत गेली की अंड्यातील प्रथिनांची जाळी आवळते आणि तिने धरून ठेवलेले पाणी बाहेर टाकते. वरचा पाव करपेपर्यंत भांडे आत राहिले, याचा अर्थ पुडिंग गरजेपेक्षा जास्त भाजले गेले. त्यात फळांनी रात्रभर सोडलेल्या रसाची भर पडली असणार, आणि पाव मुळातच ओला असेल, तर त्याला हे जास्तीचे पाणी पिता आले नसणार. म्हणून सुरुवात पावापासून करू.

सहा जणांसाठी ३०० ग्रॅम पाव घ्यावा. लादीपाव चालतो, कडक पाव मिळाला तर अधिक चांगला, कारण त्याचा गर भिजूनही आकार धरून राहतो. कातरलेल्या पातळ स्लाइसचा ब्रेड या कामाला मला दुबळा वाटतो. तो सकाळपर्यंत लगद्यासारखा होतो. पावाचे साधारण अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून ते सुकवून घ्यावेत. येथे अनेकांची गल्लत होते. पाव आदल्या दिवशीचा असला की झाले, असे आपण समजतो. पण शिळा पाव आणि सुकलेला पाव या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पाव शिळा होतो तेव्हा त्यातील स्टार्च पुन्हा स्फटिकरूप घेऊ लागतो आणि गर कडक लागतो, पण त्यातील पाणी बरेचसे आतच असते. आपल्याला हवी असते ती पाणी निघून गेल्यामुळे झालेली रिकामी जागा, जिच्यात दूध शिरेल. किनाऱ्यावरच्या हवेत मे महिन्यातसुद्धा रात्रभर उघडा ठेवलेला पाव सुकत नाही, चिवट होतो, आणि पावसाळ्यात तर त्याच्यावर बुरशी धरते. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तो पाव संपूर्ण टाकावा, कारण तिचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोलवर गेलेले असतात.

तेव्हा तुकडे ओटीजीमध्ये १२० अंशांवर वीसेक मिनिटे ठेवावेत आणि मध्ये एकदा खाली-वर करावेत. किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर परतत राहावे. त्यांना रंग येऊ देण्याची गरज नाही. ३०० ग्रॅम तुकड्यांचे वजन २५० ग्रॅमच्या आसपास आले की पुरे झाले असे समजावे. ते पूर्ण गार झाल्यावरच पुढचे काम करावे.

दुधाचे प्रमाण अर्धा लिटर. म्हशीचे दूध असेल तर पुडिंग अधिक मऊ होते. घरच्या किंवा शेजारच्या गोठ्यातील दूध आधी उकळून पूर्ण थंड करावे. कोमट दूध अंड्यांत घातले आणि भांडे तसेच फ्रिजमध्ये ठेवले, तर मिश्रण थंड व्हायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्यात ते नासण्याची भीती असते. पोल्ट्रीची चार अंडी लागतात. गावठी अंडी लहान असतात, म्हणून ती मोजून न घेता वजन करून घ्यावीत. टरफलाशिवाय एकूण २०० ग्रॅम भरले पाहिजे, आणि त्यासाठी पाच किंवा सहा अंडी लागू शकतात. साखर ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि किसलेले जायफळ घालावे. वेलची सगळ्याच गोडात पडते. दूध-अंड्याच्या भाजलेल्या पदार्थाला मात्र जायफळ जास्त शोभते, आणि ते आपल्याकडे नारळी-पोफळीच्या बागांतून आंतरपीक म्हणून निघत असल्याने ताजे मिळवणे कठीण नाही. हे सारे फेस न आणता एकजीव करून चाळणीतून गाळून घ्यावे, म्हणजे अंड्यातील धाग्यासारखे भाग शिजल्यावर दातांखाली येत नाहीत.

सुमारे पाच सेंटिमीटर खोलीच्या, लोणी लावलेल्या पसरट भांड्यात निम्मे तुकडे, त्यांवर पाणी आटवलेली २५० ग्रॅम फळे आणि वर उरलेले तुकडे अशी रचना करावी. फळे मधल्या थरातच असावीत; तळाशी गेली तर त्यांचा रस तेथेच साचतो आणि वर राहिली तर करपतात. मिश्रण हळूहळू सगळीकडे ओतावे, उलथन्याने हलकेच दाबावे, दहा मिनिटे थांबून पुन्हा दाबावे. मिश्रणाची पातळी रचलेल्या तुकड्यांच्या पाऊण उंचीपर्यंत आली की थांबावे. वरच्या तुकड्यांची टोके बाहेर राहिली तरच ती सकाळी कुरकुरीत होतील. भांडे झाकून फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावे, दारात नव्हे, कारण दार उघडताना तिथले तापमान सतत वरखाली होते. आतले तापमान ५ अंशांच्या वर नसावे. आठ ते बारा तास मुरणे उत्तम असते.

सकाळी साडेआठला वाढायचे असेल, तर सव्वासातला भांडे बाहेर काढावे आणि त्याच वेळी ओटीजी १७५ अंशांवर तापत ठेवावा. साडेसातला भांडे झाकण किंवा फॉइल घालून आत ठेवावे. पंचवीस मिनिटांनी झाकण काढून वर वितळलेले लोणी शिंपडावे आणि आणखी वीस मिनिटे भाजावे. आपला वरचा थर करपला, तो बहुधा झाकणाशिवाय सुरुवात केल्यामुळे. मध्यभागी घातलेली सुरी ओल्या दुधाशिवाय बाहेर आली आणि भांडे हलवल्यावर मधला भाग किंचित थरथरला, की पुडिंग बाहेर काढावे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७५ अंश दिसले की अंडे खाण्यास सुरक्षित झाले. ८५ च्या पुढे मात्र जाऊ देऊ नये. नंतर पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावे. या पंधरा मिनिटांत आतली उष्णता उरलेले काम पुरे करते आणि वड्या सुबक कापता येतात. पाहुणे पानावर बसले म्हणून घाईने कापले, तर मधला भाग ओघळतो.

भांडे काचेचे असेल तर एक दक्षता घ्यावी. फ्रिजमधून काढलेले थंडगार काचेचे भांडे थेट तापलेल्या ओटीजीत ठेवल्यास तडकू शकते. अशा वेळी ते बाहेर अर्धा-पाऊण तास ठेवावे किंवा सरळ स्टीलचे भांडे वापरावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट फळे रात्रभर ठेवू नयेत. आंबटपणाने धातू विरघळून चव बिघडते.

प्रश्न : आमच्या बागेतील पिकलेला हापूस पुडिंगच्या मधल्या थरात चिरून घातला. भाजल्यावर त्याचा सुगंध तर गेलाच, पण फोडी आंबूस आणि दोरेदार लागल्या. देवगडचा आंबा असूनही असे का व्हावे? – एक वाचक, देवगड

आंबा चांगला होता म्हणूनच त्याची हानी अधिक जाणवली. हापूसचा जो वास आपण आंबा कापताक्षणी घेतो, तो अतिशय हलक्या, चटकन उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो आणि पाऊण तासाच्या उष्णतेत तो मोठ्या प्रमाणात निघून जातो. गोडीही मंद भासते आणि मागचा आंबटपणा पुढे येतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते ज्या गुणांसाठी, ते गुण भट्टीत घालवणे मला पटत नाही. पिकलेला हापूस कच्चाच, चिरून, वाढतेवेळी गरम पुडिंगच्या वर घालावा. उष्ण आणि थंड एकत्र आल्याने त्याचा वास उलट अधिक खुलतो.

आतही आंबा हवा असेल तर त्यासाठी आमरस आटवावा. पायरीचा किंवा रायवळ आंब्याचा रस गाळून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ढवळत निम्म्यावर आणावा. रायवळचे दोरे गाळताना निघून जातात आणि त्याचा रसरशीत आंबटगोडपणा भाजल्यावरही टिकतो. या कामाला तो हापूसपेक्षा सरस आहे, असे माझे ठाम मत आहे. आटवलेला रस थंड करून मधल्या थरावर पातळ पसरावा. पिकलेल्या आंब्याच्या गरात सुमारे चार-पंचमांश पाणी असते. आच देऊन ते आपण आधीच काढले नाही, तर पुडिंग भाजले जाताना ते तळाशी जाणारच.

फोडीच घालायच्या असतील, तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेला रत्ना आंबा पाहावा. त्याचा गर घट्ट असतो आणि त्यात हापूससारखा साका होत नाही. हापूस वापरताना प्रत्येक फळ कापून साका आहे का, हे पाहणे आवश्यकच आहे. साक्याचा पांढरट, स्पंजासारखा आंबट भाग एकाच फळातून जरी आत गेला, तरी सगळ्या भांड्याची चव उतरते. आपल्याला जाणवलेल्या आंबूसपणामागे हेही एक कारण असू शकेल.

प्रश्न : ताज्या अननसाचे तुकडे घालून रात्री भिजवलेले पुडिंग सकाळी भाजले, तर ते बसलेच नाही आणि दूध कडवट झाले. फणसाचे गरे घातले तर असेच होईल का? – एक वाचिका, सावंतवाडी

कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते प्रथिने तोडते. रात्रभर त्याला दुधातील आणि अंड्यातील प्रथिनांवर काम करायला भरपूर वेळ मिळाला. दुधातील प्रथिने तुटली की कडवट चव येते आणि अंड्याची प्रथिने तुटली की घट्टपणा येत नाही. सकाळी भाजताना हे विकर नष्ट होते खरे, पण तोवर नुकसान झालेले असते. त्यावर उपाय सोपा आहे: अननसाचे तुकडे थोड्या साखरेबरोबर चांगले उकळी येऊन आठ-दहा मिनिटे शिजवावेत, सुटलेला रस त्यातच आटवावा आणि थंड करून वापरावेत. उकळीने विकर निष्प्रभ होते. डब्यातील अननस कारखान्यातच तापवलेला असल्याने त्याला ही अडचण येत नाही. पपईतही पपेन असते, म्हणून तीही रात्री दुधात घालू नये.

फणसाच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. काप्या फणसाचे गरे घट्ट असतात. ते बारीक चिरून तुपावर पाच मिनिटे परतले, की पुडिंगमध्ये फार सुंदर लागतात. बरक्या फणसाचे गरे तसेच घालू नयेत, त्यांचे तंतू चिवट होतात. सांदणांसाठी (फणसाच्या रसाच्या वाफवलेल्या इडल्यांसाठी) काढतो तसा बरक्याचा रस चाळणीवर चोळून काढावा आणि फणसपोळीच्या निम्म्या वाटेपर्यंत आटवून मग थर द्यावा. एक सूचना मात्र आवर्जून करतो: फणसाचे भांडे घट्ट झाकणाचे असावे, नाहीतर फ्रिजमधील दूध, लोणी आणि पाणी या सर्वांना रात्रभरात फणसाचा वास लागतो.

कोकमाविषयीही विचारणा होत असते. कोकम दुधात घालू नये, त्याच्या आंबटपणाने दूध फाटते. सकाळी वाढताना अमृत कोकमाचा घट्ट पाक वरून धारेने सोडावा; गोड पुडिंगला त्याच्याइतकी योग्य जोड दुसरी नाही. मिठातले आगळ त्यासाठी उपयोगाचे नाही. जांभळे आणि करवंदे साखरेत शिजवून, बिया काढून, अशीच वरून घालावीत. रात्री दुधात ठेवल्यास त्यांचा जांभळा रंग निळसर-करडा होतो आणि पदार्थ खराब झाल्यासारखा दिसतो.

प्रश्न : केळी रात्री घातली की सकाळी काळी पडतात. – एक वाचक, वसई

कापलेल्या केळ्याला हवा लागली की त्यातील विकरांमुळे ते काळे पडते. लिंबाचा रस चोळल्याने ही क्रिया मंदावते, पण रात्रभर थांबत नाही. म्हणून ताजी केळी सकाळी, भांडे आत सारण्यापूर्वी, वरच्या तुकड्यांत खोचावीत. आपण तर वसईचे आहात. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी हे या कृतीसाठी जणू मुद्दाम तयार केलेले फळ आहे, कारण त्यातले पाणी उन्हाने आधीच काढलेले असते. सुकेळ्यांचे पातळ काप रात्री थरात घातले की उलट तेच थोडे दूध पिऊन मऊ होतात. साखर निम्मी करावी. डहाणू-घोलवडचा चिकूही असाच अतिगोड असल्याने तो घालताना साखरेचा हात आखडता घ्यावा.

प्रश्न : आमच्याकडे ओटीजी नाही. गॅस आणि चूल आहे. हा पदार्थ होईल का? – एक वाचिका, श्रीवर्धन

होईल, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान आपल्या घरात पूर्वीपासून आहे. तवसाचे धोंडस (मोठ्या काकडीचा भाजलेला गोड पदार्थ) करताना खाली मंद विस्तव आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवून दोन्हीकडून आच देण्याची जी पद्धत आहे, तीच भट्टीची पद्धत आहे. मोठ्या जाड पातेल्याच्या तळाशी दोन बोटे जाडे मीठ पसरावे, त्यावर तिवई ठेवून मंद आचेवर दहा मिनिटे झाकून तापवावे आणि मग पुडिंगचे झाकलेले भांडे आत ठेवावे. चाळीस ते पन्नास मिनिटे लागतात. शेवटच्या पंधरा मिनिटांत आतले झाकण काढून, बाहेरच्या झाकणावर निखारे ठेवले की वरचा पाव खरपूस होतो. निखाऱ्यांचा थर विरळ असावा. धोंडसापेक्षा पुडिंग लवकर करपते. हा प्रयोग कुकरमध्ये पाण्याशिवाय करू नये, त्याने कुकरची रिंग आणि भांडे दोन्ही खराब होतात.

वाफेवरही पुडिंग उत्तम शिजते. सांदणांप्रमाणे मोदकपात्रात ठेवावे, पण पाणी खळखळून उकळू देऊ नये. जोराच्या वाफेने अंड्याला जाळी पडते आणि पाणी सुटते. झाकणाला आतून पंचा बांधावा, म्हणजे वाफेचे थेंब वर पडणार नाहीत. अशा पुडिंगला वर रंग येत नाही. वड्या कापून तुपावर तव्यात एका बाजूने परतल्या की ती उणीव भरून निघते.

प्रश्न : आमच्याकडे येणाऱ्या अनेकांना अंडे चालत नाही. कस्टर्ड पावडर दुधात कालवून पावावर ओतली, तर सकाळी ती तळाशी घट्ट बसली होती. – एक वाचिका, वेंगुर्ला

कस्टर्ड पावडर ही मुख्यतः मक्याची पिष्टी असते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती तयार केली, ती पत्नीला अंडे सोसत नसल्यामुळेच, असे सांगितले जाते. तेव्हा आपली गरज आणि तिची गरज एकच आहे. मात्र कच्ची पिष्टी थंड दुधात विरघळत नाही, केवळ तरंगत राहते आणि रात्रभरात खाली बसते. म्हणून ती आधी शिजवली पाहिजे. अर्धा लिटर दुधाला २० ग्रॅम पावडर घेऊन, एकदा नीट उकळी येऊन मिश्रण पातळ आमटीइतपत दाट झाले की उतरवावे. नेहमीच्या कस्टर्डइतके घट्ट झाले तर ते पावात शिरणार नाही. साय धरू नये म्हणून ढवळत थंड करावे आणि मग ओतावे. अंड्याचे मिश्रण भाजताना घट्ट होते. हे मात्र आधीच शिजलेले असते, त्यामुळे १८० अंशांवर तीस मिनिटे पुरतात.

दुधाऐवजी नारळाचा रस वापरण्याची आपली इच्छा पत्रात दिसते. जरूर वापरावा. पहिला जाड रस आणि दुसरा पातळ रस मिळून अर्धा लिटर घ्यावा आणि त्यात कस्टर्ड पावडरऐवजी २५ ग्रॅम तांदळाची पिठी कालवून शिजवावे. नुसता नारळाचा रस उकळला की फुटतो. पिठीमुळे तो बांधलेला राहतो. साखरेऐवजी गूळ घालायचा असल्यास रस उतरवल्यानंतर घालावा. या मिश्रणाबरोबर काप्या फणसाचे गरे आणि ओल्या काजूचे गर घातले, तर जो पदार्थ होतो तो मला अंड्याच्या पुडिंगपेक्षाही अधिक आपल्या मातीतला वाटतो, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना हाच आधी वाढावा असे मी आग्रहाने म्हणेन.

प्रश्न : पावसाळ्यात रात्री वीज जाते, कधी पहाटे येते. भिजवलेले पुडिंग वापरावे की टाकावे? – एक वाचक, दापोली

फ्रिजचे दार उघडले नाही, तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल, तर कच्च्या अंड्याचे आणि दुधाचे मिश्रण टाकून द्यावे. वास ठीक आहे, चव ठीक आहे, म्हणून वापरू नये. अंड्यातून पोटात जाणाऱ्या जंतूंची वाढ वासावरून कळत नाही, आणि पाहुण्यांत लहान मुले व वयस्क असतातच. नारळाच्या रसालाही हाच नियम लागू आहे, तो तर दुधापेक्षा लवकर आंबतो.

ज्या रात्री विजेचा भरवसा नसेल, त्या रात्री ओले काहीही रचू नये. फक्त कोरडी तयारी करावी. सुकवलेले पावाचे तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. हे तुकडे दमट हवेत उघडे राहिले तर तासाभरात नरम पडतात, त्यामुळे डबा महत्त्वाचा. साखर, मीठ, जायफळ एका वाटीत मोजून ठेवावे. सकाळी दूध तापवून थंड होईपर्यंत फळे आटवून घ्यावीत, अंडी फोडून मिश्रण करावे, ओतावे आणि अर्धा तास भिजू द्यावे. नीट सुकवलेला पाव अर्ध्या तासात पुरेसे दूध पितो. रात्रभर मुरलेल्या पुडिंगचा एकसारखा मऊपणा त्यात थोडा कमी असेल, पण पदार्थ निर्धोक असतो आणि सकाळचा वेळही बऱ्यापैकी वाचतो.

संध्याकाळी वीज असताना पुडिंग पूर्ण भाजून ठेवणे हा मार्ग काही जण सुचवतात. भाजलेले पुडिंगही दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे, त्यामुळे वीज गेल्यावर अडचण कायमच राहते.

प्रश्न : उरलेल्या पुडिंगचे काय करावे? – एक वाचिका, मालवण

गार झाल्यावर लगेच वड्या कापून झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी संपवाव्यात. वर घातलेला कच्चा आंबा आधी काढून घ्यावा, त्याला पाणी सुटते. पुन्हा ओटीजीत भाजण्यापेक्षा तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी मंद आचेवर परतणे चांगले. बाहेरून पापुद्रा धरतो आणि आतला भाग कोरडा पडत नाही. डब्यात देण्यासाठी मात्र हा पदार्थ योग्य नाही. बंद डब्यात, दुपारच्या उकाड्यात, दूध आणि अंडे घातलेले काहीही चार-पाच तास ठेवू नये. मुलांच्या डब्यासाठी सुकवलेल्या पावाचे उरलेले तुकडे तूप-साखरेत परतून द्यावेत.

प्रश्न : पंचवीस माणसांसाठी एकाच मोठ्या परातीत करता येईल का? – एक वाचक, हरिहरेश्वर

करू नये. खोल आणि मोठ्या भांड्याचा मध्य रात्री थंड व्हायला आणि सकाळी शिजायला फार वेळ लागतो. तोवर कडा कोरड्या होतात. वर दिलेल्या प्रमाणाची चार भांडी करावीत. ओटीजीत दोन मावत असतील, तर पहिली दोन सातला आणि पुढची दोन आठला आत जातील अशी वेळ ठरवावी, आणि दुसरी जोडी तोपर्यंत फ्रिजमध्येच राहू द्यावी. दोन भांडी एकत्र ठेवल्यास भाजायला सात-आठ मिनिटे अधिक लागतात, तेवढी धरून चालावे.